कुशीतली माया

— नाही नाही, ट्रायलला यावंच लागेल. एकदा माप दिलं आणि मग थेट तयार कोट न्यायला उगवलात, असं माझ्या दुकानात चालत नाही. तसंच हवं असेल तर चौकात रेडिमेडवाला आहे, तो तुमचं तोंडही न बघता कपडा देईल. हात जरा पसरा. असे ताठ नाही, सैल. माप देताना सगळ्या बायका पोट आत ओढतात, तुम्ही खांदे ताणताय — फसवताय कुणाला, मला की कापडाला? सोडा खांदे. हां. तर काय सांगत होते — अंग म्हणजे काही टेबल नाही, की एकदा मोजलं आणि झालं. आज मोजलेलं माणूस पुढच्या खेपेला तेवढंच असेल असं कोण सांगतं? म्हणून मी आधी कच्चं शिवते, अंगावर चढवून बघते, पुन्हा बोलावते, पुन्हा बघते. लोक वैतागतात. मावशी, किती फेऱ्या मारायला लावता. मी म्हणते, मारायच्या नसतील तर मारू नका, पण मग बगलेत काचतंय म्हणून रडत येऊ नका — तेव्हा कापडाला कात्री लागलेली असते, तेव्हा मी काय करू? कापड पुन्हा जोडू?

आणि आतून माया भरपूर ठेवते मी. हसलात का? शब्दच आहे तो. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. अंग सुटलं की टीप उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. रेडिमेडमध्ये बोटभरसुद्धा माया नसते, म्हणून तो स्वस्त. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग तुम्ही बरीच वर्षं बाहेर होतात. बोलता आमच्यासारखं, पण मधेच एखादा शब्द असा येतो, जसा काही पुस्तकातून चिमट्यानं उचललाय. शिकायला गेला होतात ना? वाटलंच. — वळा. पाठ. टेपकडे असं बघू नका, जुना झालाय तो, ताणलाय जरा, माप कमी दाखवतो. मी अंदाजानं धरते. पण काळजी करू नका, सगळ्या शाळेचे गणवेश ह्याच टेपनं कापले, एक पोरगं परत आलं नाही घट्ट झालं म्हणून.

लांबी गुडघ्यापर्यंत म्हणालात. पांढरं कापड. पुढून उघडा, खाली दोन मोठे खिसे — एवढे मोठे खिसे कशाला, भाजी आणायची आहे? असा कोट घालणारी माणसं दोनच. एक तो बेकरीतला भट्टीवाला, आणि तुम्हाला काही पिठाचा वास येत नाहीये. तुम्हाला वास येतोय — थांबा, सांगते — त्या गुलाबी पाण्याचा, ज्यानं फरशी पुसतात. आणि तुमची मान. आल्यापासून सारखी पडद्याकडे वळतेय. मी माप घेते बाई, मान कुठे जाते ते मला कळतं, गळ्याचं माप हुकतं त्यानं. पडद्यामागे काही नाही. इस्त्रीचं टेबल आहे, कपड्यांचा ढीग आहे, आणि माझी सून आहे. काजं करते. — नाही, आत्ता नाही करत, आत्ता बसलीय. डोकं धरून बसलीय. मशीनच्या आवाजानं दुखतं म्हणते. मी म्हटलं बस मग अंधारात, उजेडाकडे बघवत नाही तर. आठवा लागलाय तिला, आठव्यात डोकं दुखणार नाही तर काय नाचायचं माणसानं?

दचकलात कशाला? सुई टोचली? माझ्या हातात सुईच नाहीये.

तुम्ही दवाखान्यातल्या आहात. नका हो मान हलवू, आता काय लपवायचं. पुलाखालच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय म्हणून बटणवाला सांगत होता — तरुण आहे, लांबून शिकून आलीय, तिथेच राहिली असती तर मजेत असती, पण आपल्या माणसांसाठी परत आलीय म्हणे. त्याला म्हटलं, अशी माणसं पहिलं वर्ष फार धावतात. नंतर बसतात खुर्चीत. तुमचं अजून पहिलं वर्ष चाललंय तर. म्हणजे कोट हे निमित्त. माणसं एवढी वाकडी वाट धरतात तेव्हा सरळ वाटेनं काय आणायचं असतं त्यांना, ते मला चांगलं कळतं. कुणी पाठवलं? बटणवाल्यानं? समोरच्या इस्त्रीवालीनं? तिच्या तोंडात तर रेडिओच बसवलाय. का माझ्या मुलानं? तो ट्रक घेऊन गेलाय, दोन आठवडे झाले, फोनवर रोज विचारतो दवाखान्यात नेलं का, नेलं का. मी सांगते, हो नेलं. — नेलं होतंच की. खोटं कुठे बोलले. चौथा लागला तेव्हा नेलंच होतं.

नेलं होतं आणि पाहून घेतलं. तुमच्या तिथे ती एक नर्स आहे, आम्ही तिला करवत म्हणतो, आवाज ऐकलात तर कळेल का ते — तुम्ही तर रोज ऐकत असाल. सगळ्या रांगेसमोर ओरडली हिच्यावर. एवढ्या उशिरा आलीस, शिकलेली दिसतेस, अक्कल कुठे ठेवलीस. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मग आत नेऊन तो झगा घालायला दिला, मागून नाड्यांचा. तुम्ही बघितलाय तो झगा कधी, नीट? एक नाडी वर लावलीय, दुसरी दोन बोटं खाली, बांधला की पाठ उघडी पडते. शिवण अशी की ओढली तर हातात येईल. मी म्हटलं, ज्यांना दोन नाड्या समोरासमोर लावता येत नाहीत, ते माझ्या नातवाला काय सांभाळणार? हसू नका, मी गंभीरपणे बोलतेय. आणि वर म्हणे पुढच्या महिन्यात पुन्हा या. मग त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मग पंधरा दिवसांनी. कशाला? सगळं ठीक आहे म्हणालात ना एकदा? वजन केलं, दंडाला पट्टा बांधून फुगवला, रक्त काढलं, बोटातून नाही, चांगली सुई खुपसून. झालं की. एकदा बघितलं, ठीक आहे कळलं, मग पुन्हा पुन्हा काय बघायचं त्यात?

काय म्हणालात?

नाही, पुन्हा म्हणा. — हे बघा, माझंच बोलणं मला परत करू नका. कोटाची गोष्ट वेगळी. कोट कापडाचा असतो. ट्रायल कापडाची असते, माणसाची नाही. आत्ताच तुम्हाला सांगितलं म्हणून लगेच तेच उचलून — फार हुशार असता हो तुम्ही लोक.

आणा तो जुना कोट इकडे. नमुन्याला आणलाय ना? काम करू द्या मला, बोलण्यात माप चुकतं. — कॉलर बरी आहे. परदेशी शिवण. खिशाचा कोपरा फाटलाय, पेनं खुपसता वाटतं. आणि हे बटण —

हे बटण कुणी लावलं?

कोटाबरोबरचा टाका नाही हा. बाकी सगळी मशीननं लावलीत, दोन सरळ रेषा. हे हातानं लावलंय. हे बघा, चार भोकांचं बटण सगळं जग फुली मारून लावतं. हे एका भोकातून तिन्ही भोकांकडे धागा नेऊन लावलंय. कोंबडीच्या पावलासारखं. असं बटण आख्ख्या गावात एकच हात लावतो, आणि तो हात मी दोन वर्षं मोडायला बघतेय, सरळ लाव, गिऱ्हाईक विचारतं हे काय म्हणून. तर म्हणते, आई, असं लावलं की तुटत नाही. — हा हात माझ्या घरातला आहे. तुमच्या कोटावर कसा आला?

कोट परत ओढू नका. बरं, मीच सांगते. मागच्या आठवड्यात ही म्हणाली, रिळं संपलीत, घेऊन येते. मी म्हटलं जा. दुपार झाली तरी पत्ता नाही. आली ती घामाघूम, आणि रिळं आणली निळी. गणवेश खाकी. खाकी कपड्याला निळी रिळं, माझी सून, जी अंधारात हात लावून धाग्याचा रंग ओळखते. मी म्हटलं, लक्ष कुठे होतं? म्हणाली, ऊन लागलं. मी विश्वास ठेवला. मूर्ख मी. ती तुमच्याकडे आली होती. एकटी. बाकावर बसून राहिली असणार, तुमचं बटण लोंबकळताना दिसलं असणार, आणि ही कॉलरला सुई टोचून फिरते नेहमी — द्या म्हणाली असेल, लावून देते. तिला राहवत नाही लोंबकळणारं बटण बघून. आणि उशीर झाला म्हणून तपासायच्या आतच उठून आली असेल. बरोबर? — बरोबर. तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतं, तुम्ही खोटं बोलायला शिकला नाहीत तिकडे.

मग काय सांगितलं तिनं? सासू राबवते? सासू येऊ देत नाही? काजं करून घेते रात्रंदिवस? सांगा, मला सवय आहे, सासूबद्दल बरं कोण बोलतं. गणवेशाचा हंगाम आहे, दुकान दोन बायकांचं आहे, हे गेल्यापासून मीच कापते, मीच शिवते, आणि ही काज-बटण बघते. बसून करायचं काम आहे. ओझी उचलायला लावत नाही मी तिला. झगा मी शिवलाय तिचा, माझ्या हातानं, तुमच्यासारखा नाड्यांचा नाही. उशी देते पाठीला. विचारा तिला. काय म्हणाली ती माझ्याबद्दल? स्पष्ट सांगा.

— घाबरतात?

सासूबाई घाबरतात, असं म्हणाली?

मी. मी कुणाला घाबरते? मी गावच्या पाटलाची पँट तोकडी करून त्याच्या तोंडावर सांगितलंय, की पोट तुमचं सुटलंय, माझं माप नाही चुकलं. मी घाबरत नाही. मला फक्त ती जागा आवडत नाही. तिथे माणूस जातं आणि — माझी मोठी बहीण गेली तिथे. आत्ताच्या ह्या इमारतीत नाही, तेव्हा तिथे जी होती तीत. पोटुशी होती, हातगाडीवर घालून नेली. मी मागून पळत होते, माझ्या हातात तिच्या चपला होत्या, म्हटलं येताना लागतील. चपला तेवढ्या परत आल्या. तेव्हापासून, हिला एकदा नेलं ते सोडून, आमच्या घरात कुणी गेलं नाही तिथे. जो गेला तो राहिलाच, मग काय म्हणायचं? तुम्ही म्हणाल अडाणी. म्हणा.

केव्हा नेली म्हणजे? नेली तेव्हा नेली. झटके आल्यावर. दात आवळले, डोळे वर गेले, तेव्हा नेली. त्याआधी कशाला नेतील, त्याआधी ती चालत-बोलत होती, सगळं करत होती. नुसतं डोकं दुखायचं म्हणायची. आणि डोळ्यांपुढे चमकतं म्हणायची, काजवे उडाल्यासारखं. अंगानं छान भरली होती, हात, पाय, चेहरा असा गोल — आई शेजारणींना सांगायची, बघा कसं तेज आलंय माझ्या पोरीला. मी पण हिला तेच —

मी पण हिला तेच म्हणते. परवाच म्हटलं. आरशासमोर उभी केली आणि म्हटलं, बघ कसं तेज आलंय तुला.

नाही. थांबा. हिचं तसं नाही. तुम्ही लगेच पडद्याकडे निघू नका, उभ्या राहा तिथे, माझं ऐका. तिला बघायला कुणी नव्हतं, हिला मी आहे. तुम्ही महिन्यानं बोलावता, मी दर रविवारी मोजते. ह्याच टेपनं. पोटाचा घेर. — तुम्ही उभं मोजता? खालून वर? मी आडवं मोजते, माझी पद्धत ती. आधी दर रविवारी वाढत होता, छान वाढत होता, मी खडूनं भिंतीवर रेघ ओढायची आणि ती हसायची, आई, कापडाचा गठ्ठा आहे का मी. आता काही रविवार नाही वाढला. तेवढाच येतो. ते टेपमुळे. सांगितलं ना मगाशी, ताणलाय हा. ताणलेला टेप माप कमी दाखवतो, हे कुणीही शिंपी सांगेल तुम्हाला. पोट वाढतंय, टेप खोटं बोलतोय. साधी गोष्ट आहे.

— गणवेश? गणवेशाचं काय?

हो. ह्याच टेपनं.

हो, परत नाही आला एकही. म्हटलं ना.

मग ते वेगळं आहे. ते मी अंदाजानं — नाही, अंदाजानं नाही. गणवेश अंदाजानं कापत नाही कुणी, आख्खी शाळा आहे ती. जेवढं टेपनं दाखवलं तेवढंच कापलं मी. आणि सगळे बसले. — तुमचा टेप नको मला, ठेवा तो पिशवीत. तुमच्या टेपवर माझा विश्वास नाही. माझी लोखंडी पट्टी आहे भिंतीवर, कापड मोजायची, छत्तीस इंची. ती ताणत नाही. ती ह्यांच्या वडिलांपासून आहे. तिच्याशी लावून बघू शकले असते मी कधीही, हात लांब केला की येते. नाही बघितलं. का नाही बघितलं म्हणजे काय, हंगाम आहे, वेळ कुठे असतो — द्या इकडे, मी काढते. धूळ आहे तिच्यावर. धरा हे टोक. नीट धरा, ढिलं नाही. सरकवते मी.

...

लागला. पट्टीचा शेवट बरोबर छत्तिसावर लागला.

पुन्हा धरा.

टेप बरोबर आहे.

तो खुंटीवरचा झगा द्या. तो फिकट, मोठा. तिचाच आहे, काल उसवलाय, आज पुन्हा टीप घालणार होते. बाह्या लागत नाहीत म्हणाली, दंडात रुततात. ही दुसरी वेळ बाह्या सोडायची. इथे बघा, मनगटाजवळ — इथे आता माया उरलीच नाही, शेवटचा धागा गाठलाय. मी खूश होते, म्हटलं बाळसं आईलाच आधी येतंय. अंगठीसुद्धा साबण लावून काढली मी तिची. आणि कूस — ही बाजूची शिवण, हिला आम्ही कूस म्हणतो. झगा शिवला तेव्हा मी सगळ्यात जास्त माया इथे ठेवली होती, दोन्ही कुशींत, हात भरून ठेवली होती, म्हटलं नातू माझा दांडगा होणार, पुरायला हवी. ही टीप बघा. ही माझी पहिलीच टीप आहे. एकदाही उसवली नाही. हात लावायची वेळच आली नाही. बाहीतली सगळी संपली आणि कुशीतली सगळी तशीच. हे मी कालपासून हातात धरून बसलेय. आणि बघत होते बाह्यांकडे.

हे उलटं आहे. मला कळतं हे. मला हो काय सांगता, रोज अंगं बघते मी. अंग असं वाढत नाही.

पोरी. ऊठ. — ओरडत नाहीये, ऊठ हळूच. भिंत धर. ते खाकी राहू दे, बटणं राहू देत, गेली शाळा खड्ड्यात, एक दिवस बिनबटणाची जाईल. निळ्या रिळांचं मग बोलू आपण, रागावणार नाही. — रागावेन थोडी, पण मग. आधी सांग, काजवे दिसतात का तुला डोळ्यांपुढे? — कधीपासून? — मला का नाही सांगितलंस? ... बरं. बरं, राहू दे. मी घाबरते म्हणून नाही सांगितलंस. कळलं.

तुम्ही काय बघताय उभं राहून? चालवायचं नाही तिला? मग? — गाडी आहे. बाहेर उभी आहे. म्हणजे गाडी घेऊनच आलात. एका कोटाचं माप द्यायला गाडी. आणि मी विचारतेय कॉलर गोल हवी की टोकदार. पुढच्या वेळी लबाडी करायची असेल तर गुलाबी पाण्याचा वास धुऊन या.

ऐका, पुढे गाठ पडेल न पडेल, आत्ताच सांगते. टेप माझ्या गळ्यातच राहणार, मी काढून ठेवणार नाही. तुम्ही तुमचं उभं मोजा, मी माझं आडवं मोजेन, आणि दोन्ही मला मोठ्यानं वाचून दाखवायचं, इंग्रजीत पुटपुटायचं नाही. दंडाचा पट्टा फुगवाल तेव्हा तो काटा कुठे थांबला ते मला दिसलं पाहिजे. तिथे ठेवून घ्याल तिला, तर मलाही ठेवून घ्या, बाकावर बसेन, मला चालतं. तुमचे ते झगे काढून ठेवा माझ्यापुढे, नाड्या सरळ करून देईन तोवर. आणि करवतीला सांगा, आज तोंड उघडलं तर माझ्याकडे कात्री आहे.

तिच्या चपला कुठे गेल्या? — नको, मी नाही घेत हातात. पायात घाल. पायात घाल तुझ्या तू. घट्ट होतायत? मग माझ्या घाल, मोठ्या आहेत. मी अशीच येते.

कोटाचं मग बघू. टेबलावर राहू द्या तो, आता कुणाला कोट सुचतोय — आणि दारात काय उभ्या राहिलात बाई, व्हा बाजूला, वाट द्या आम्हाला.